चूक होऊ न देता शिकवणे

सयाजीराव महाराजांच्या काळी राजवाड्यातले पोपट चांदीची सायकल चालवीत, ही गोष्ट बडोदेकरांना नवी नाही. कौतुक पोपटांचे होते. शिकवणाऱ्याची आठवण क्वचितच निघते. आपल्या व्यवसायाने मात्र ती ठेवायला हवी, कारण रुग्णाला औषधाची वेळ सांगणे हेही शिकवणेच आहे.

प्राण्यांना वेळेतले अंतर कळते. 1977 साली चर्च व डेलुटी या संशोधकांनी उंदरांना 2 आणि 8 सेकंदांतला फरक ओळखायला शिकवले. पुढे मधले कालावधी दिले, तेव्हा उंदरांचा मध्य 5 नव्हे, सुमारे 4 सेकंदांवर आला. म्हणजे वेळ वजाबाकीने नव्हे, गुणोत्तराने जोखली जाते. 2 आणि 8 सोपे, 7 आणि 8 अवघड. तेव्हा सोप्यापासून आरंभ करून फरक हळूहळू कमी करावा, हे ओघानेच आले.

हर्बर्ट टेरेस यांनी 1963 मध्ये कबुतरांवर हेच तत्त्व वापरले. लाल दिव्यावर चोच मारायची, हिरव्यावर नाही. हिरवा दिवा आधी अगदी मंद व क्षणभर दाखवून, क्रमाक्रमाने त्याचा प्रकाश आणि अवधी वाढवला. कबुतरे जवळजवळ न चुकता शिकली. पुढे क्लोरप्रोमाझिन दिल्यावर चुकतमाकत शिकलेली कबुतरे पुन्हा चुकू लागली. न चुकता शिकलेली चुकली नाहीत.

1994 साली बॅडली व विल्सन यांना स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत असेच दिसले. अंदाज करायला न लावता योग्य उत्तर आधीच सांगितले, तर शब्द अधिक लक्षात राहिले. निरोगी माणूस आपली चूक आठवून ती सुधारतो. या रुग्णाची ती आठवणच गेलेली असते. मागे उरते ती चुकीची सवय.

आणि आपण काय करतो? मुले परदेशी, घरात दोघेच वृद्ध, अशा आजोबांना तपासताना विचारतो, "आठवा बघू, सकाळची गोळी कोणती?" ते चुकतात, ओशाळतात आणि तीच चूक पक्की होते. माझे आग्रहाचे मत असे, की हा प्रश्न आपण सोडावा. "सकाळी चहानंतर ही पांढरी गोळी" असे आपणच सांगावे, त्यांच्याकडून लगेच म्हणवून घ्यावे, मिनिटाने पुन्हा, मग पाच मिनिटांनी. "दिवसातून तीनदा" न म्हणता चहा, जेवण, सांजवात अशा खुणा द्याव्यात. घरच्यांनाही हीच रीत समजावून सांगावी.

निरोगी विद्यार्थ्याने चुकांतून जरूर शिकावे. पण ज्याची स्मृती थकली आहे, त्याची परीक्षा घेणे हा उपचार नव्हे. यासाठी ना यंत्र लागते ना खर्च. लागतात ती दहा मिनिटे आणि थोडा धीर.