दिवा ओट्यावर हवा

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की इंटेरियरवाले आधी छताकडे बोट दाखवतात. पीओपीचं फॉल्स सीलिंग, त्यात सारख्या अंतरावर बसवलेले गोल दिवे आणि कडेनं लपवलेली एलईडी पट्टी. एवढं झालं की स्वयंपाकघर आधुनिक झालं, असं सगळे धरून चालतात. मला हे मान्य नाही. या मांडणीत फरशी उजळते, ट्रॉल्यांची दारं चमकतात, आणि जिथे चिरणं-निवडणं-परतणं चालतं तो ओटा काळवंडलेला राहतो.

कारण साधं आहे. ओटा भिंतीला लागून असतो, म्हणजे काम करणारं माणूस भिंतीकडे तोंड करून उभं असतं. छताच्या मधला दिवा त्याच्या पाठीमागे येतो आणि डोक्याची, खांद्यांची सावली नेमकी चिरायच्या पाटावर पडते. तांदळातला खडा, मेथीच्या जुडीतलं गवत, सुरीच्या पात्याजवळचं बोट, हे सगळं त्या सावलीत. लहान मुलालाही दाखवता येईल अशी ही गोष्ट घराच्या आराखड्यात कुणी विचारातच घेत नाही, याचा मला राग येतो.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: जास्त वॉटचा दिवा लावा. पण दिवा पाठीमागेच राहिला तर सावलीही जागची हलत नाही. भोवतालचा भाग आणखी लख्ख झाला की डोळा त्या उजेडाला सरावतो आणि सावलीतलं उलट कमीच दिसतं. शिवाय वॉट हा विजेचा हिशेब आहे, उजेडाचा नाही. उजेड ल्यूमेनमध्ये मोजतात आणि तो आकडा खोक्यावर छापलेला असतो. साधारण 20 वॉटची एलईडी ट्यूब 2000 ल्यूमेनच्या आसपास उजेड देते. लहान स्वयंपाकघराला तेवढा पुष्कळ होतो, फक्त तो योग्य जागी पडायला हवा.

ती जागा म्हणजे ओट्याच्या पुढच्या कडेच्या बरोबर वरचं छत. ओटा 24 इंच खोल असेल तर भिंतीपासून 24 इंचांवर, ओट्याला समांतर, एक लांब दिवा. लांब दिव्याचा प्रकाश अनेक बिंदूंतून येतो, म्हणून सावली विरळ होते. गोल डाउनलाइटच्या एकेका झोताखाली ती धारदार पडते आणि काळ्या ग्रॅनाइटवर तो झोत डोळ्यांत परतून येतो. भिंतीवरची कपाटं साधारण 12 इंच पुढे आलेली असतात, त्यामुळे ओट्याचा मागचा भाग तरीही अंधारा राहू शकतो. त्यासाठी कपाटाच्या तळाशी, पुढच्या कडेला, झाकण असलेली एलईडी पट्टी बसवावी. नुसत्या पट्टीवर भागवा असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. मग कपाटात वरच्या फळीवर काय ठेवलंय ते कोण पाहणार?

आधुनिकतेचाच दाखला हवा असेल तर तो फ्रँकफर्टचा घ्यावा. आजच्या ओटा-कपाटांच्या सलग स्वयंपाकघराचा उगम 1926 मध्ये मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की यांनी तिथल्या नव्या वसाहतींसाठी आखलेल्या स्वयंपाकघरात मानतात. जेमतेम 1.9 बाय 3.4 मीटरची ती खोली. तिच्या छतावरचा दिवा पट्टीवरून सरकवता येई, म्हणजे काम जिथे तिथे उजेड. आपण त्यांची कपाटं घेतली, दिव्यामागचा विचार मात्र सोडून दिला.

रंगाच्या बाबतीतही एक गैरसमज घट्ट बसलाय. 6500 केल्विनचा निळसर पांढरा दिवा जास्त उजेड देतो, असं दुकानदार ठासून सांगतात. केल्विन फक्त प्रकाशाचा रंग सांगतो. पदार्थाचा रंग खरा दिसतो का, हे सांगणारा आकडा वेगळा, सीआरआय. साध्या एलईडीत तो 80 च्या आसपास असतो, आणि तीही आठ फिकट रंगांची सरासरी. गडद लाल त्यात येतच नाही, तो आर 9 म्हणून वेगळा मोजतात. आपला स्वयंपाक तर लालावरच चालतो. कांदा गुलाबी झाला की बदामी, लसूण लालसर झाला की करपला, तेलात तिखट जळतंय का, हे डोळ्यांनीच ठरवायचं असतं. म्हणून सीआरआय 90 च्या वरचा, 4000 केल्विनचा दिवा घ्यावा. थोडा महाग पडतो, पण फॉल्स सीलिंगच्या खर्चापुढे ती रक्कम किरकोळ आहे.

फॉल्स सीलिंगच्या बाजूनं एक मुद्दा खरा आहे: वायरी आणि चिमणीचा पाइप झाकला जातो. पण त्याला पाइपाच्या कडेनं एक पट्टा पुरतो, अख्खं छत खाली आणायची गरज नाही. फोडणीची तेलकट वाफ गोल दिव्यांच्या खाचांत बसते, बंद पोकळीतली उष्णता दिव्याला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरचं आयुष्य घटवते. छतावर उघडी बसवलेली ट्यूब ओल्या फडक्यानं पुसता येते.

ही निव्वळ आवडीनिवडीची बाब असती तर मी वाद घातला नसता. साठीतल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. कितीतरी घरांत ओट्याशी सर्वात जास्त वेळ उभी असते ती आई किंवा सासूबाई, आणि छताचं ठरवताना त्यांना कुणी विचारत नाही. त्यांना ओट्याशी उभं करावं, सावली कुठे पडते ते पाहावं, आणि वायरमननं पॉइंट काढण्याआधी छतावर खडूनं रेघ ओढून द्यावी. राहतं घर असेल तर मधल्या पॉइंटपासून केसिंग पट्टीतून वायर ओट्यावर आणता येते.