निकाल शाळेचा की घराचा?

निकाल लागले की आमच्या बऱ्हाणपुरात चौकाचौकात खासगी शाळांचे फ्लेक्स झळकतात. टॉपरचे फोटो, खाली टक्के. आईवडील काय करतात, ट्यूशनला किती पैसे गेले, हे मात्र त्यावर कधीच नसतं.

यात शाळेचं श्रेय किती? ते कळायला सारख्याच घरांतली मुलं चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या शाळांत पाठवायला हवीत. आंध्र प्रदेशात नेमकं हेच केलं गेलं. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांचा तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लॉटरी लागून खासगी शाळेत गेलेली मुलं चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात सरकारी शाळेतल्या मुलांच्या पुढे नव्हती. हिंदीत होती, कारण तिथे हिंदी शिकवत होते. खासगी शाळांचा खर्च मात्र एक तृतीयांशापेक्षा कमी होता, हेही सांगायला हवं. ओईसीडीच्या २००९ च्या पिसा चाचणीतही घरची परिस्थिती हिशेबात धरली की खासगी शाळांची आघाडी जवळपास संपली.

आता आपल्या घरचं बोलू. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा गरीब आणि वंचित मुलांसाठी ठेवल्या. मध्य प्रदेशात त्या ऑनलाइन लॉटरीने भरतात. पण सुप्रीम कोर्टाच्या २०१२ आणि २०१४ च्या निकालांनी अल्पसंख्याक शाळांना यातून सूट मिळाली. म्हणजे आपल्या कॉन्व्हेंटनाही. (२०१४ च्या निकालाचा फेरविचार व्हावा, असं त्याच कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी सप्टेंबर २०२५ मध्ये म्हटलंय.)

मी कॅथलिक आहे, कलम ३० चं मोल मला ठाऊक आहे. शाळा आपल्या हातात राहायलाच हवी. पण सूट मिळाली म्हणून जागा द्यायच्याच नाहीत, असं कुठे आहे? "आम्ही फी माफ करतोच की!" असं फादर-सिस्टर म्हणतील, आणि बऱ्याच ठिकाणी ते खरंही आहे. पण ती कुणाची करायची हे ऑफिसात ठरतं. आणि मुळात ऑफिसपर्यंत येतं कोण? ज्याला विचारायचं धाडस होतं तोच.

सरकार परतफेड करणार नाही, पैशांची अडचण खरी आहे. मग चाळीसच्या वर्गात दहा नको, चारच जागा ठेवा. पॉवरलूमवर रात्रपाळी करणाऱ्या कुणाच्याही मुलाची चिठ्ठी त्यात पडू दे, आणि चिठ्ठी सगळ्यांसमोर काढा. चार वर्षांनी त्या मुलांना वाचायला, गणित करायला किती येतं, तेही फ्लेक्सवर लावा.