हार घाला, पण तपासाही!

तारोडीत मी मुलांना दिव्याला तारा जोडायला शिकवतो. परवा त्यांना देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांची गोष्ट सांगितली. त्यांनी भंगारातून, सुमारे ६० हजारांत, किक मारून सुरू होणारी चारचाकी बांधली. ती नियमांत बसेना. २०२२ साली आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो दिली. लोहारांची गाडी कंपनीच्या संग्रहात गेली. औदार्य खरेच! पण वाचकहो, कारागिराला हार आणि कारागिरीला कपाट, हा कुठला न्याय? सैल तार, फ्यूजवाचून केलेली जोडणी जीव घेते, मान्य. मग तपासा ना! ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकटी गाडीसुद्धा तपासून रस्त्यावर सोडतात.

एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, चालवायचीच नाही, तर बांधायची कशाला?”

उत्तर मी द्यायचे, की सरकारने?