विश्लेषण : तिजोरी मोजायची कोणी? ऑडिट कमिटीचे काम काय आणि ते होते का?

बँक बुडाली की पहिला प्रश्न येतो, ‘रिझर्व्ह बँक काय करत होती?’ दुसरा येतो, ‘ऑडिटर झोपले होते का?’ तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : त्या संस्थेची ऑडिट कमिटी काय करत होती? खरे तर तोच आधी विचारायला हवा.

न्यू इंडिया बँकेत काय घडले?

१३ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने मुंबईतील न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध लादले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाखांबाहेर रांगा लागल्या, पण खात्यातून एक रुपयाही काढता येत नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तिजोरीतील १२२ कोटी रुपये कमी आढळले होते. पुस्तकात नोंद होती, रोकड नव्हती. गुन्हा दाखल झाला, संचालक मंडळ बरखास्त झाले. पुढे २७ फेब्रुवारीपासून २५ हजार रुपयांपर्यंत रक्कम काढण्याची मुभा मिळाली आणि ऑगस्टमध्ये बँक सारस्वत बँकेत विलीन झाली.

तिजोरीतील नोटा मोजून पुस्तकाशी ताडून पाहणे हे लेखापरीक्षणातील सर्वात सोपे काम. तेच होत नसेल, तर गुंतागुंतीच्या कर्जांची काय कथा?

ऑडिट कमिटी म्हणजे काय?

ऑडिटर बाहेरचा असतो, ऑडिट कमिटी ही संचालक मंडळाचीच समिती असते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदणी असलेल्या आणि ठरावीक आकाराच्या सार्वजनिक कंपन्यांना ती बंधनकारक आहे. किमान तीन संचालक, त्यांत स्वतंत्र संचालकांचे बहुमत आणि बहुसंख्य सदस्यांना आर्थिक पत्रके वाचता येणे, या अटी आहेत. नोंदणीकृत कंपन्यांसाठी ‘सेबी’चे नियम आणखी कडक आहेत : दोन तृतीयांश सदस्य स्वतंत्र, अध्यक्षही स्वतंत्र, वर्षातून किमान चार बैठका आणि दोन बैठकांत १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर नाही. नागरी सहकारी बँकांनाही रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळाच्या पातळीवर अशी समिती नेमायला सांगितले आहे.

तिची जबाबदारी कोणती?

- ऑडिटरच्या नेमणुकीची आणि मानधनाची शिफारस करणे, तो दबावाविना काम करतो का ते पाहणे.
- ताळेबंद आणि ऑडिट अहवाल संचालक मंडळापुढे जाण्याआधी तपासणे.
- प्रवर्तक, त्यांचे नातेवाईक किंवा त्यांच्या इतर कंपन्यांशी होणाऱ्या व्यवहारांना मंजुरी देणे किंवा ते रोखणे.
- अंतर्गत नियंत्रण आणि अंतर्गत लेखापरीक्षणावर लक्ष ठेवणे.
- गैरप्रकाराची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला, म्हणजे ‘जागल्या’ला, संरक्षण आणि गरज पडल्यास थेट समितीच्या अध्यक्षांपर्यंत वाट देणे.

थोडक्यात, व्यवस्थापनाने मांडलेला हिशेब व्यवस्थापनाच्याच शब्दावर मान्य न करणे, हे तिचे काम.

मग चुकते कुठे?

समिती असते, प्रश्न नसतात. ‘सत्यम’कडे स्वतंत्र संचालक होते, ऑडिट कमिटी होती, नामांकित ऑडिट फर्म होती. २००८ मध्ये उत्तम कंपनी कारभाराचा पुरस्कारही मिळाला होता. तरीही ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली की, ताळेबंदातील रोख व बँक शिल्लकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. त्याच्या तीनच आठवडे आधी राजू कुटुंबाशी संबंधित ‘मेटास’ कंपन्या विकत घेण्याचा प्रस्ताव संचालक मंडळाने मंजूर केला होता. तो अडवला गुंतवणूकदारांच्या संतापाने, स्वतंत्र संचालकांनी नव्हे.

दहा वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेची पाळी आली. एकाच बांधकाम समूहाला दिलेले सुमारे साडेसहा हजार कोटींचे कर्ज हजारो बनावट खात्यांआड लपवल्याचा प्रकार समोर आला. ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येणार होते. त्या रांगांत पेन्शनर होते, गृहनिर्माण सोसायट्या होत्या. प्रश्न न विचारल्याची किंमत त्यांनी मोजली.

कारण उघड आहे. स्वतंत्र संचालकाची नेमणूक बहुतेकदा प्रवर्तकांच्या पसंतीने होते. सहकारी बँकेत तर समिती आणि कर्ज मंजूर करणारे मंडळ ही रोजच्या ओळखीतलीच माणसे. ‘आपल्याच माणसाला’ अवघड प्रश्न विचारणे म्हणजे वाईटपणा घेणे. जाडजूड अहवाल ऐन वेळी हाती पडतो, चहा येतो, सह्या होतात.

काय बदलायला हवे?

नियम आणखी वाढवून फार काही साधणार नाही, आहेत त्यांना दात हवेत. अंतर्गत लेखापरीक्षकाने व्यवस्थापनाला वगळून समितीशी वर्षातून काही वेळा एकट्याने बोललेच पाहिजे. तिजोरीची मोजणी अचानक आणि बाहेरच्या माणसाकडून व्हावी. समितीने कोणते आक्षेप नोंदवले आणि त्यांचे पुढे काय झाले, हे सभासदांना सोप्या मराठीत कळावे. आणि घोटाळा उघड झाल्यावर ‘आम्हाला माहीत नव्हते’ हा समिती सदस्यांचा बचाव मानू नये. माहीत करून घेणे हेच तर त्यांचे काम होते.

तुम्ही काय करू शकता?

शेअर घेतले असतील, तर वार्षिक अहवालातील कंपनी कारभाराचा भाग उघडा. समितीत कोण, बैठका किती, हजेरी किती, हे तिथे असते. ऑडिटरने मुदतीआधी राजीनामा दिला असेल, तर सावध व्हा. सहकारी बँकेचे सभासद असाल, तर वार्षिक सभेला जा आणि एकच प्रश्न विचारा : ‘गेल्या वर्षी ऑडिट कमिटीने कोणता आक्षेप घेतला?’

ठेवींवर विमा आहे, पण तो प्रत्येक बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंतच. त्यापुढच्या रकमेची राखण प्रश्न विचारणारी माणसेच करू शकतात. आतली आणि बाहेरची, दोन्ही.