खर्चातला वाटा कोणाचा?

विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असले की लेकरांचे दात डागाळतात. पुढे हाडेही वाकतात. याचे संशोधन करायचे तर पाणी तपासायला रसायनशास्त्रज्ञ हवा, हाडे पाहायला डॉक्टर हवा, आणि कोणती वस्ती कोणत्या विहिरीवर पाणी भरते हे विचारणारा समाजशास्त्राचा माणूसही हवा. तिघांनी एकत्र यावे हे सर्वांना पटते. अडते पैशापाशी. यंत्र एका विभागाचे, वीजबिल दुसऱ्याचे, गावोगाव हिंडणाऱ्या साहाय्यकाचे मानधन मात्र कोणाचेच नाही!

अनुदान मागताना विद्यापीठाने आपलाही वाटा कबूल करायचा, ही रीत अमेरिकेत होती. श्रीमंत विद्यापीठ मोठा आकडा लिहून मोकळे होई. लहान संस्था मागे राही. तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ पासून असा ऐच्छिक वाटा प्रस्तावात लिहायलाच मनाई केली. मोजक्या योजनांत तेवढा तो सक्तीचा ठेवला.

आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आले. विज्ञानाशी जोडलेली सामाजिक शास्त्रेही त्याच्या कक्षेत आहेत, हे चांगलेच झाले. पण त्या वेळी मांडलेल्या पाच वर्षांच्या ५० हजार कोटींत सरकारचे फक्त १४ हजार कोटी. बाकीचे ३६ हजार कोटी प्रामुख्याने उद्योग आणि देणगीदारांकडून यायचे. औषध कंपनी औषधाच्या शोधाला पैसा देईल, त्यात गैर काही नाही. पाणवठ्यावरच्या रांगेच्या अभ्यासाला कोण देणार? तो खर्च सरकारी वाट्यातूनच निघाला पाहिजे. तालुक्याच्या महाविद्यालयाने ‘संस्थेचा हिस्सा’ हा रकाना कोरा ठेवला, म्हणून त्याचा अर्ज बाजूला पडता कामा नये.