पत्रादेवीच्या पलीकडला गोवा

वर्ध्याजवळच्या पवनारहून निघून आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून जाणारा आणि गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला संपणारा सुमारे ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजूर केला. त्याला कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी केलेला विरोध, जमिनीचा मोबदला, मार्गबदलाच्या चर्चा हे सारे स्वतंत्र लेखाचे विषय आहेत. येथे प्रश्न निराळाच मांडावयाचा आहे. दिग्रससारख्या गावात या रस्त्याचा विषय निघाला की पहिला उद्गार येतो तो ‘आता गोवा जवळ आला’ हाच. आणि त्या उद्गारामागचे हसू काय सुचवते, हे सांगण्याची गरज नाही. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी आणि कोल्हापूरची अंबाबाई यांच्या नावाने आखलेल्या रस्त्याच्या शेवटच्या टोकाला आपण पाहणार आहोत तो गोवा कोणता?

ज्या पत्रादेवीला हा रस्ता थांबायचा आहे, तेथे १५ ऑगस्ट १९५५ रोजी तिरंगा हाती घेऊन निघालेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ या गोळीबारात हुतात्मा झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तो अशा बलिदानाच्या पायावर. पत्रादेवीला हुतात्म्यांचे स्मारक आहे. त्याच्यासमोरून भरधाव जाणाऱ्या किती गाड्या तेथे क्षणभर थांबतात?

गोव्याचे क्षेत्रफळ ३७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या एकट्या यवतमाळ जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. परंतु जाहिरातीतला गोवा याहूनही लहान आहे. किनाऱ्याची एक अरुंद पट्टी, मद्याचे गुत्ते आणि मांडवीच्या पात्रात नांगरलेली जुगाराची जहाजे यांत तो संपतो. ही मांडवी म्हणजेच सत्तरीच्या रानातून वाहत येणारी म्हादई, हे त्या जहाजावर चढणाऱ्याच्या गावीही नसते. त्याच सत्तरीत बांबर येथे ‘निरंकाराची राय’ आहे. दलदलीत उगवणारी दुर्मिळ रानजायफळाची झाडे गावाने देवाच्या नावावर राखली, म्हणून ती आजही उभी आहेत. वनखात्याचा जन्म होण्यापूर्वीचे हे वनरक्षण! आमच्याकडच्या ज्या वाचकाने देवराई पाहिली असेल त्याला यातले मर्म वेगळे सांगावे लागणार नाही.

मोलेच्या अरण्यातील तांबडी सुर्ला येथे काळ्या पाषाणाचे कदंबकालीन महादेव मंदिर आहे. वाट आडरानातली, म्हणून ते वाचले असे म्हणतात. नार्वेच्या सप्तकोटेश्वराची कथा तर प्रत्येक मराठी मुलाला पाठ असावयास हवी. कदंब राजांचे हे कुलदैवत. दिवाडी बेटावरील त्याचे देवालय सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केले, तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार नेले, आणि १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी तेथे मंदिर उभारविले. मंगेशही असाच कुठ्ठाळीहून फोंड्याच्या बाजूला आला, कारण तो मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती नव्हता. म्हणजे अंत्रूज महालातली ती हिरवी दरी, ती तळी, त्या दीपमाळा हे नुसते ‘निसर्गसौंदर्य’ नव्हे. देव पाठीवर घेऊन निघालेल्या माणसांना ज्या भूमीने आश्रय दिला ती ही भूमी आहे.

हे लिहिताना जुन्या गोव्यातील चर्चवर बोट रोखण्याचा हेतू नाही. १९८६ पासून ती जागतिक वारशात आहेत, आणि त्यांची निगा राखली जाते हे योग्यच होय. परंतु दिवाडी आणि नार्वे त्यांच्यापासून फार दूर नाहीत. तिकडे किती पर्यटकांना नेले जाते? सप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार राज्य शासनाने करून २०२३ मध्ये ते पुन्हा खुले केले, याबद्दल शासनाचे अभिनंदनच केले पाहिजे.

मात्र एका हाताने मंदिराचा जीर्णोद्धार करायचा आणि दुसऱ्या हाताने मंदिराभोवतीची टेकडी विकायची, याला काय म्हणावे? नगर व ग्रामनियोजन कायद्यात २०२३ मध्ये १७(२) हे कलम आले. आराखड्यातील ‘चुका’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली शेते आणि डोंगरउतार बांधकामासाठी मोकळे होऊ लागले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या कलमाला आवर घातला आणि त्याखालील नियम रद्द ठरविले. पण तोवर, म्हणजे २०२४ मध्ये, ३९ अ हे दुसरे कलम आणले गेले होते. खाणींचे तेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द केले. पुढे लिलाव होऊन डिचोलीत खाणकाम सुरू झाले, तेव्हा लईराई देवीच्या शिरगावच्या लोकांना आपली घरे आणि देवालये खाणपट्ट्याच्या सीमेतून वगळा, अशी याचना करावी लागली. राज्यात २०१२ पासून सत्ता कोणाची आहे हे सर्वज्ञात आहे. आपल्या माणसांना हा प्रश्न विचारण्यात संकोच कसला? उलट तो आपणच अधिक कठोरपणे विचारला पाहिजे.

‘मग लोकांनी खायचे काय?’ हा युक्तिवाद ठरलेला. खाजन शेतीकडे पाहावे. भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे, ‘मानस’ नावाच्या झडपांनी ते नियंत्रित करायचे आणि त्या जमिनीत कोरगुट भात व मासळी दोन्ही पिकवायची, ही विद्या गोव्याच्या गावकरी संस्थांनी शतकानुशतके सांभाळली. त्यात हिंदू आहेत तसे ख्रिस्तीही आहेत. मोलेच्या अरण्यातून जाणाऱ्या प्रकल्पांविरुद्ध २०२० मध्ये रस्त्यावर उतरलेल्यांतही दोघे होते, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील लोहमार्ग दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी फेटाळली. बांध फुटला आणि खाजनात इमारत उभी राहिली की भातही जाते नि मासळीही. राहते ती परप्रांतीय धनिकाच्या बंगल्यावरची पहारेकऱ्याची नोकरी.

टिपेश्वरच्या वाघांशेजारी राहणाऱ्या आम्हा यवतमाळकरांना म्हादईची आणखी एक गोष्ट विशेष बोचते. जानेवारी २०२० मध्ये तेथे एक वाघीण आणि तिचे बछडे विषप्रयोगाने मारले गेले. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प घोषित करण्याचा आदेश दिला, तर राज्य शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. वाघ हे ज्या देवीचे वाहन, तिच्या नावाचा रस्ता आपण बांधणार!

तेव्हा महामार्ग व्हायचा तेव्हा होवो. महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही शासनांकडे मागणी एवढीच की, पत्रादेवीला गोव्याचा पहिला फलक लागेल तो जुगाराच्या जहाजाचा नसावा. त्यावर हुतात्मा स्मारक, नार्वे, तांबडी सुर्ला आणि बांबरची राय यांची नावे आणि अंतरे असावीत. आणि यवतमाळ जिल्ह्यातील शाळांच्या सहलींनी रस्त्याची वाट पाहत बसू नये. जुना रस्ताही नार्वेला जातो.