डॉल्फिन हसत नसतो

दुबई-सिंगापूरच्या सहलीवरून परतलेली मंडळी मोबाइलवर डॉल्फिनच्या खेळाचे व्हिडिओ दाखवतात आणि म्हणतात, ‘बघा, कसा हसतोय!’ डॉल्फिन हसत नसतो. त्याच्या जबड्याची ठेवणच तशी असते. मेल्यावरही ती बदलत नाही. हौदातल्या खेळांचं बहुतेक समर्थन या न हसलेल्या हसण्यावर उभं आहे, म्हणून आधी ते बाजूला ठेवू.

समर्थक सांगतात, तिथे आयतं खाणं मिळतं, डॉक्टर असतात, शार्कची भीती नसते. खरं आहे. पण खाणं आयतं कुठे? उडी मारली की मासा, अशीच ती शिकवणी असते. आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवरून जग ओळखणाऱ्या जिवाला चार भिंतींत ठेवलं, तर त्याला ऐकू येणार काय? त्याच त्या भिंती! ओर्का हा डॉल्फिनच्याच कुळातला सर्वांत मोठा प्राणी. तिलिकुम नावाच्या ओर्काला १९८३ साली, जेमतेम दोन वर्षांचा असताना, आइसलँडजवळ पकडलं. २०१० मध्ये ऑरलँडोत त्याने आपल्याच प्रशिक्षिकेचा जीव घेतला. तरी तो २०१७ मध्ये मरेपर्यंत हौदातच राहिला.

मुलांना शिकायला मिळतं, हा मुद्दा मला मुळीच पटत नाही. चेंडू उडवणं हे काही डॉल्फिनचं जगणं नव्हे.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे: हौदात वाढलेल्यांना समुद्रात सोडलं तर ते जगतील का? केइको नावाचा ओर्का २००२ मध्ये मोकळा झाला, पण माणसांची ओढ त्याला सुटली नाही. पुढच्याच वर्षी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ तो मेला. म्हणून मागणी अशी, की नवी धरपकड आणि पैदास थांबवा आणि आज हौदात आहेत त्यांना जाळी लावलेल्या खाडीत खरं समुद्राचं पाणी द्या.

आपल्याकडे १९९८ मध्ये चेन्नईजवळ बल्गेरियाहून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच दगावले. २०१३ मध्ये केंद्राने असे खेळ उभारायला मनाईच केली. तो निर्णय योग्य होता आणि तो ढिला होता कामा नये.

डॉल्फिन बघायचेच तर दापोलीला चला. मुरुडहून पहाटे निघालो होतो. तांडेलकाकांनी लांबवरच इंजिन बंद केलं. बराच वेळ काहीच नाही. मग डाव्या अंगाला ‘फुस्स’ असा श्वास ऐकू आला, करडी पाठ क्षणभर वर आली आणि गेली. माझी पुतणी हळूच म्हणाली, ‘काका, परत येईल?’

‘त्याची मर्जी,’ तांडेलकाका म्हणाले.